वेबसाइटवर कोण येऊन गेलं? वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

प्रश्न : शिरोली औद्योगिक वसाहतीत आमची फौंड्री आहे, मशिनिंगही करून देतो. वेबसाइटवर महिन्याला सातशे-आठशे जण येतात, पण चौकशीचा फॉर्म पाच-सहा जणच भरतात. बाकीचे कोण ते सांगणारं सॉफ्टवेअर मिळतं म्हणे. वर्षाचे पैसे एकदम मागतात. खरंच कळतं का?

कंपनी कळते, आणि तीही सगळ्यांची नाही. माणूस कळत नाही. एवढं डोक्यात पक्कं ठेवून मग पैशांचं ठरवा.

वेबसाइट उघडणाऱ्याचा आयपी पत्ता, म्हणजे त्याच्या इंटरनेट जोडणीचा क्रमांक, तुमच्या सर्व्हरपर्यंत येतोच. सॉफ्टवेअर तो पत्ता आपल्या यादीशी जुळवून पाहतं. मोठ्या कारखान्याने लीज्ड लाइन (फक्त त्याच्यासाठीची इंटरनेट जोडणी) घेतलेली असते, तिचा पत्ता बदलत नाही आणि बरेचदा त्याच कंपनीच्या नावावर नोंदलेला असतो. अशा ठिकाणी नाव बरोबर निघतं. मोबाइल नेटवर्कवर मात्र खूप ग्राहक एकाच सार्वजनिक पत्त्यामागे असतात, त्यामुळे तिथे फक्त जिओ किंवा एअरटेल दिसतं. परचेसवाला घरच्या ब्रॉडबँडवरून पाहत असेल तरी तेच. काही मोठ्या कंपन्यांची सगळी वर्दळ झेडस्केलरसारख्या सुरक्षा सेवेतून जाते, मग नाव त्या सेवेचं येतं. शहरावर तर विसंबूच नका. चाकणच्या प्लांटमधला माणूस कंपनीच्या नेटवर्कमुळे मुंबईत किंवा थेट युरोपात बसलेला दिसू शकतो.

म्हणून आधी चाचणीची मुदत मागून घ्या, निदान १४ दिवसांची. त्या दिवसांत फॉर्म, मेल आणि फोनवरून आलेल्या चौकश्या वहीत तारीख-वेळेसह लिहा. या कंपन्या तुम्हाला माहीत आहेत. आता सॉफ्टवेअरच्या यादीत त्या दिवशी, त्या वेळी त्यांची नावं आली का ते ताडून पाहा. चौकश्या कमी असतील तर ओळखीच्या दहा ग्राहकांना विनंती करा की ऑफिसच्या कॉम्प्युटरवरून तुमचं एक ठरावीक पान उघडा. दहापैकी किती नावं बरोबर आली, किती चुकली आणि किती आलीच नाहीत, हा हिशेब विक्रेत्याच्या कोणत्याही सादरीकरणापेक्षा मोलाचा आहे. तुमचे बहुतेक ग्राहक छोटे वर्कशॉपवाले असतील तर यात फार काही हाती लागणार नाही. मोठ्या कारखान्यांना माल देत असाल तर उपयोग होतो.

प्रश्न : सॉफ्टवेअर बसवून महिना झाला. रोज वीस-पंचवीस नावं येतात. त्यांतली कामाची कोणती हेच समजत नाही.

पहिल्याच दिवशी चाळणी लावायला हवी होती. तुमच्या ऑफिसचा आयपी, इंटरनेट कंपन्या, क्लाउड आणि डेटा सेंटरचे पत्ते (त्यामागे बहुतेक यंत्रंच असतात), कॉलेजं आणि तुम्ही माल पाठवत नाही ते देश वगळा. उरलेल्या नावांत पानं वाचा, आकडे नंतर.

उदाहरणार्थ अशी एक नोंद असते : मंगळवार, सकाळी ११.२०, पंपांचे भाग बनवणारा कारखाना. पाहिलेली पानं : एसजी आयर्न (ओतीव लोखंडाचा एक प्रकार), मशिनिंगच्या यंत्रांची यादी, प्रमाणपत्रं, पुन्हा एसजी आयर्न. वेळ साडेसहा मिनिटं. गुरुवारी त्याच कंपनीतून परत दोन पानं, त्यांतलं एक ‘संपर्क’. ही नोंद त्याच दिवशी हातात घ्यायची. त्याखाली दुसऱ्या एका मोठ्या कंपनीचं नाव आहे, पण पान एकच, ‘नोकरीच्या संधी’, आणि वेळ वीस सेकंद. तो नोकरी शोधणारा आहे. नाव कितीही मोठं असलं तरी सोडून द्या.

एक चूक फार ठिकाणी होते : सगळा कॅटलॉग पीडीएफमध्ये असतो. नोंदी घेण्यासाठी सॉफ्टवेअरचा एक कोड वेबसाइटच्या पानांत बसवलेला असतो, तो पीडीएफच्या आत चालत नाही, त्यामुळे ग्राहकाने तुमचे ग्रेड आणि वजनं अर्धा तास वाचली तरी नोंदीत त्याचा मागमूस नसतो. ग्रेड, वजनाची मर्यादा, यंत्रं आणि तपासणीची साधनं यांची वेगवेगळी पानं करा.

प्रश्न : नाव आलं की त्या कंपनीत लगेच फोन करावा का? काय बोलावं?

दोन दिवसांच्या आत संपर्क साधा, पण “काल तुम्ही आमची वेबसाइट पाहिलीत” हे वाक्य तोंडातून काढू नका. पाहिलं कुणी ते तुम्हाला माहीत नाही. फोन उचलणाऱ्याने बहुधा पाहिलेलंच नसतं, आणि ज्याने पाहिलंय त्याला आपल्यावर नजर आहे असं वाटून तो दचकतो.

लिंक्डइनवर त्या कंपनीतला सप्लायर डेव्हलपमेंट किंवा सोर्सिंगचा माणूस शोधा आणि चार ओळींची मेल लिहा. त्यांनी जे पान पाहिलं त्याच मालाबद्दल लिहा : “पंप हाउसिंगसाठी ५००/७ ग्रेडचं एसजी आयर्न, ५ ते ४० किलोपर्यंत, मशिनिंग करून देतो. एखादं ड्रॉइंग पाठवलंत तर दर कळवतो.” कंपनीची स्तुती नको, आणि पन्नास पानी प्रोफाइल तर जोडूच नका.

प्रश्न : कोड बसवलाय, पण नोंदी जवळपास शून्य.

टॅग मॅनेजरमध्ये (वेबसाइटवर असे कोड बसवायचं गुगलचं साधन) टॅग केला, ट्रिगर ‘ऑल पेजेस’ दिला, प्रीव्ह्यूत चालतानाही दिसला, आणि शेवटचं सबमिट करून पब्लिश करायचं राहिलं, असं बरेचदा होतं. प्रीव्ह्यू फक्त तुमच्याच ब्राउझरपुरता असतो. ते झालं असेल तर वर्डप्रेसचा कॅशे रिकामा करा, कारण जुनं पानच दिलं जात असतं. मग क्रोममध्ये डेव्हलपर टूल्स उघडून नेटवर्क टॅब पाहा. पान लोड होताना सॉफ्टवेअरच्या डोमेनकडे विनंती जाते का? अ‍ॅड ब्लॉकर चालू असेल तर जाणार नाही, तो बंद करून पाहा. कुकीचा फलक लावला असेल तर संमतीचं बटण दाबल्यावरच जाईल, आणि तसंच व्हायला हवं.

प्रश्न : हेच काम फुकटात होत नाही का?

थोडं होतं. सर्व्हरच्या लॉगमधला आयपी घ्या आणि एपनिकच्या (आशिया-पॅसिफिकमधल्या आयपी पत्त्यांची नोंद ठेवणारी संस्था) हूइज शोधात टाका. तिथे तो पत्ता कुणाच्या नावावर आहे ते दिसतं. इंटरनेट कंपनीचं नाव असेल तर तो पत्ता सोडून पुढचा घ्या. दिवसाला दहा-पंधरा पत्ते असतील तर जमण्यासारखं आहे. गुगल अ‍ॅनालिटिक्समध्ये मात्र शोधत बसू नका. जुन्या अ‍ॅनालिटिक्समध्ये सर्व्हिस प्रोव्हायडरचं नाव दिसायचं, ते २०२० मध्ये बंद झालं.

शिवाय प्रत्येक उत्पादनाच्या पानावर व्हॉट्सअ‍ॅपची लिंक लावा आणि तिच्यात त्या उत्पादनाचं नाव आधीच लिहून ठेवा. ग्राहकाने बटण दाबलं की “५००/७ एसजी आयर्नबद्दल” असा मजकूर तयार असतो. त्याने स्वतःहून दिलेला नंबर कोणत्याही अंदाजापेक्षा भरवशाचा.

प्रश्न : एक जण म्हणतो, येणाऱ्या प्रत्येकाचं नाव आणि मोबाइल नंबर देतो. घ्यावं का? आमचे काही ग्राहक जर्मनीत आहेत.

घेऊ नका. आयपी पत्त्यातून मोबाइल नंबर निघत नाही. तो कुठून तरी गोळा केलेल्या यादीशी जुळवलेला असतो. त्या माणसाची संमती कुठे, कधी घेतली हे विक्रेत्याकडून लेखी मागा. बहुतेक वेळा बोलणं तिथेच थांबतं. कंपनीचं नाव वेगळं. माणसाचं नाव आणि नंबर हा २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात वैयक्तिक डेटा आहे आणि त्या कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले आहेत.

जर्मनीचा कायदा आणखी कडक आहे. बदलता आयपी पत्तादेखील वैयक्तिक डेटा ठरू शकतो, असं युरोपीय न्यायालयाने २०१६ मध्येच म्हटलं आहे, आणि २५ मे २०१८ पासून जीडीपीआर हा युरोपीय संघाचा डेटा संरक्षण कायदा लागू आहे. तिथून येणाऱ्यांसाठी संमती मिळाल्यावरच कोड चालू होईल अशी व्यवस्था करा, आणि गोपनीयता धोरणात त्या सॉफ्टवेअरचं नाव आणि नोंदी किती दिवस ठेवता ते लिहा. जर्मन ग्राहकाची ऑडिट टीम प्रमाणपत्रांबरोबर तुमचं गोपनीयता धोरणाचं पानही मागू शकते.