११ वर्षांच्या मुलाला हरणाच्या शिकारीसाठी पहिली रायफल कोणती घ्यावी? आम्ही विस्कॉन्सिनला असतो, मित्र म्हणतात ३०८ काडतुसाची घे, मोठा झाला तरी चालेल.

प्रश्न वाचला आणि साडूच आठवला. "पोरगं वाढणारच आहे, दोनदा खर्च कशाला" हे शब्दशः त्याचं वाक्य. पोरांना दोन नंबर मोठे बूट घेतात तसली ही अक्कल. बुटात कापूस कोंबता येतो, पण गोळी सुटताना खांद्याला धक्का बसतो, तिथे काय कोंबणार?

२४३ विंचेस्टर काडतुसाची घ्या, यूथ स्टॉकवाली, म्हणजे मुलांसाठी आखूड दस्त्याची. झालं उत्तर. आता माझं रामायण ऐका.

लेक १२ वर्षांची होती, अंगाने काटकुळी. हंटर एज्युकेशनचा, म्हणजे शिकारीच्या सुरक्षेचा कोर्स पास झाली म्हणून साडू दिवाळीला आला तो स्वतःची जुनी ३०८ घेऊनच. ६ पौंडाची, "हलकी आहे, पोरीला उचलायला बरी". मी म्हटलं अरे हलकी म्हणजे लाथ जास्त, तर म्हणे आपले आज्जे बारा बोअरने रानडुकरं मारायचे, तू पोरगी म्हणून लाड करतोस. बायकोच्या बहिणीचा नवरा, सणाचा दिवस, गप्प बसलो. ती माझी चूक.

रेंजवर दस्ता तिला लांब पडत होता म्हणून ती मान पुढे ताणून स्कोपमध्ये बघत होती, आणि तिसऱ्या गोळीला स्कोपची कड भुवईवर बसली. रक्त. पोरगी रडली नाही, उलट मलाच म्हणाली आईला सांगू नको. साडू म्हणाला बघ, वाघीण आहे. पण पुढच्या वेळी पन्नास यार्डांवरून कागदालासुद्धा गोळी लागेना. मग मी तिला न सांगता मधेच स्नॅप कॅप भरली, म्हणजे खोटं काडतूस. तिने चाप ओढला, नुसतं टिक झालं, आणि नळीचं तोंड वीतभर खाली गेलं. डोळे गच्च मिटलेले. धक्का यायच्या आधीच पोरगी धक्का खात होती. तो सीझन आम्ही नुसतेच थंडीत बसून आलो.

ते फ्लिंच, म्हणजे धक्क्याच्या भीतीने दचकणं, घालवायला अख्खा उन्हाळा गेला, जवळपास धक्काच नसलेली पॉइंट २२ रायफल घेऊन सोड्याचे कॅन पाडत. मग २४३ घेतली. ही १९५५ची, ३०८चंच काडतूस पण तोंड आवळून बारीक गोळी बसवलेलं, धक्का जवळपास निम्मा. आणि १०० ग्रेन वजनाची गोळी दोनशे यार्डांपर्यंत व्हाइटटेल हरणाला पुरून उरते, फक्त नेम फुफ्फुसावर हवा. साडूचं "जखमी होऊन पळेल" हे खरं असतं चुकीच्या जागी लागली तर, आणि डोळे मिटून मारलेली ३०८ कुठे लागते ते मी बघितलंय.

त्या नोव्हेंबरात ऐंशी यार्डांवर एक मादी आली. लेकीने श्वास सोडला, चाप ओढला, मादी चाळीस पावलं जाऊन पडली. पोरगी मला विचारते, बाबा, आवाज झाला का? तिला ना आवाज कळला ना धक्का. त्या मटणाला कांदा-लसूण मसाला लावून रस्सा केला, साडू तीन वाट्या प्यायला आणि रायफलचं नावही काढलं नाही त्याने.

दुकानात मुलाला बरोबर न्या. कोपर काटकोनात वाकवून दस्ता कोपराच्या खोबणीत टेकवायचा, बोट चापाला आरामात पोचलं पाहिजे. दस्त्याच्या टोकापासून चापापर्यंत साधारण साडेबारा इंच पुरतात, मोठ्यांच्या रायफलला साडेतेरा-पावणेचौदा असतात. काही यूथ मॉडेलना मधे घालायच्या चकत्या मिळतात, पोरगं वाढलं की दस्ता वाढवायचा. म्हणजे दोनदा खर्चाचा मुद्दाही निकालात.

हां, ६.५ क्रीडमोर काडतुसाची पण चांगली आहे, लाथ २४३पेक्षा थोडीच जास्त, मुलगा अंगाने भरलेला असेल तर बघा. मझल ब्रेकच्या, म्हणजे नळीच्या तोंडाला लावायच्या तुकड्याच्या नादी लागू नका, धक्का कमी होतो पण कान फुटतात. रेंजवर इअरप्लग आणि वरून कान झाकणारे मफ, दोन्ही. ११व्या वर्षी मेंटॉर्ड हंटच, म्हणजे मोठ्या माणसाच्या देखरेखीखालची शिकार करावी लागेल, तुम्ही हाताच्या अंतरावर हवेत, नियम त्या वर्षीचे वाचून घ्या. शिकारीत इतरांना दिसावं म्हणून घालायच्या केशरीऐवजी फ्लोरोसंट गुलाबी जाकीट पण २०१६पासून चालतं, आमच्या घरी तेवढ्यावरून आठवडाभर भांडण झालं होतं.

आणि साडूभाऊ वाचत असतील तर, ती ३०८ अजून माझ्या सेफमध्ये जागा अडवून बसलीय, या दिवाळीला येताना रायफल न्यायला रिकामी पेटी घेऊन या.