नर्सरीत नवऱ्याला एकटं पाठवू नका

होळी झाली की या सदराकडे पत्रांचा पाऊस पडतो, आणि त्यातली निम्मी पत्रं झाडांबद्दल नसतातच, घरातल्या माळ्याबद्दल असतात. यावेळी अशीच काही घेतलीयेत.

प्रश्न: ताई, आमच्या ह्यांना मार्च आला की बागेची लहर येते. परवा कोथिंबिरीसाठी धणे आणायला नर्सरीत गेले आणि टोमॅटोची रोपं, एक जास्वंद, कोकोपीटची वीट आणि प्लॅस्टिकचं कारंजं घेऊन आले. धणे विसरले. टोमॅटो लावून पण झालेत, काही येईल का?
– कोथरूड, पुणे

उत्तर: धणे विसरले ते बरंच झालं. ते तर तुमच्या मसाल्याच्या डब्यात आहेतच, हलकेच रगडून दोन फाकी करून पेरले की उगवतात, पण या उन्हात कोथिंबीर चार पानांची झाली की लगेच फुलावर जाते, भाजीत घालायला काही उरत नाही. टोमॅटोचं तेच. रोप वाढेल, फुलं पण भरपूर येतील, हे सोसायटीच्या ग्रुपवर फोटो टाकतील, आणि मग दिवसाचा पारा 35 च्या पुढे गेला की परागकण निकामी होतात आणि फुलं देठासकट गळतात. त्यावर कुठलंही टॉनिक आणू नका, नर्सरीवाला देईल पण आणू नका. दुपारचं ऊन अडवायला हिरवी जाळी बांधा, जमलं तर जमलं.

आत्ता लावायचंच असेल तर भेंडी, गवार, चवळी, काकडी, लाल माठ. भेंडीचं बी रात्रभर भिजवून सकाळी पेरा, परभणी क्रांती हे वाण मिळालं तर उत्तम, पानं पिवळी पडायच्या रोगाला ती बऱ्यापैकी दाद देत नाही, आणि साधारण दीड-दोन महिन्यांत तोडायला येते. कारंजं मात्र परत करा, त्यात साचलेल्या पाण्यात डेंग्यूचे डास आरामात वाढतील.

प्रश्न: गच्चीत ड्रममध्ये दुधी लावलाय, वेल पार टाकीवर चढलाय, फुलं रोज येतात आणि रोज गळतात. सासरे म्हणतात कुणाची तरी नजर लागली, लिंबू-मिरची बांधूया.
– डोंबिवली

उत्तर: बांधा, मिरची ताजी असेल तर नंतर वरणात घालता येईल. पण आधी फुलाच्या मागे बघा. नुसत्या लांब बारीक देठावर असलेलं फूल नर, ते गळणारच, त्याचं काम तेवढंच. ज्या फुलाच्या मागे बोटाच्या पेराएवढा, लव असलेला, अगदी हुबेहूब छोटासा दुधी दिसतो ती मादी. सुरुवातीला कितीतरी दिवस नुसती नर फुलंच येतात आणि लोक घाबरून युरिया टाकतात, मग वेल अजून माजतो आणि नुसती पानंच येतात.

मादी फुलं येऊनही छोटा दुधी पिवळा पडून गळत असेल तर परागीकरण होत नाहीये. आणि इथेच सगळे फसतात, कारण यूट्यूबवर बघून सकाळी ब्रश घेऊन गच्चीत जातात. भोपळ्याचं पिवळं फूल सकाळी उमलतं, दुधीचं पांढरं फूल संध्याकाळी. रानात ते काम रात्रीचे पतंग करतात, तुमच्या पाचव्या मजल्यावर ते येतीलच असं नाही. तेव्हा दिवेलागणीला वर जा, नर फूल तोडून त्याच्या पाकळ्या काढा आणि मधला पिवळा भाग मादी फुलाच्या मध्यावर हलकेच टेकवा, झालं. सासऱ्यांनाच हे काम द्या, टॉर्च घेऊन फुलांची लग्नं लावत बसतील आणि नजरेचा विषय आपोआप मागे पडेल. वेलाचा शेंडा पण खुडा, बाजूच्या फांद्यांवर मादी फुलं जास्त येतात.

प्रश्न: आमच्या सासूबाई चहाचा चोथा, अंड्याची टरफलं, कांद्याची सालं, केळ्याची सालं, तांदूळ धुतलेलं पाणी आणि उरलेलं ताक असं सगळं थेट कुंड्यांत टाकतात. कुंड्यांना मुंग्या लागल्यात. बोलायची सोय नाही.
– नाशिक

उत्तर: तुम्ही बोलू नका, हे पान उघडं ठेवून चहा करायला जा. काकू, चोथा वाईट नाही, पण आपला चहा म्हणजे दूध-साखर आलीच, तो न धुता टाकला की मुंग्या येतात, आणि मुंग्या आल्या की मावा आणि पिठ्या ढेकूण या किडींची चंगळ, कारण त्यांच्या अंगातून येणाऱ्या गोड चिकट रसासाठी मुंग्या त्यांना अक्षरशः राखतात. मग जास्वंदीच्या शेंड्यांवर पांढरा कापूस दिसतो तो त्यातलाच. कापूस दिसला तर पाण्याचा जोरात फवारा मारा, नंतर लिटरभर पाण्यात 5 मिली कडुनिंबाचं तेल आणि थोडा भांड्यांचा लिक्विड सोप घालून संध्याकाळी फवारा, भर उन्हात फवारलंत तर पानं करपतील.

अंड्याच्या टरफलांचं तर मला हसूच येतं. आपल्याकडच्या काळ्या मातीत चुना आधीच भरपूर, त्यात ती टरफलं वर्षभर तशीच पडून राहतात. सालं कुंडीत नको, झाकणाच्या बादलीत सुक्या पाल्याबरोबर कुजवा आणि मग घाला. ताक कढीपत्त्याला, पाणी घालून, कधीतरी, चालेल. पण कढीपत्ता वाढत नाही तो ताकावाचून नाही, फोडणीसाठी आपण एकेक पान ओरबाडतो म्हणून. शेंडा मोडून घ्या, खालून दोन फांद्या फुटतील. (हे सासूबाईंनी वाचलं नाही तर तुम्हीच सुरू करा, कढीपत्ता कुणाचं नाव विचारत नाही.)

प्रश्न: इथे फेब्रुवारीपासून खिडकीत, जिन्यावर, गेस्ट रूममध्ये टोमॅटो-मिरचीची रोपं आहेत, सगळी लांबडी होऊन आडवी पडलीत. नवरा म्हणतो एप्रिलमध्ये एक गरम दिवस आला की बाहेर लावू.
– एडिसन, न्यू जर्सी

उत्तर: त्या एका गरम दिवसाने तिकडे फार रोपं खाल्लीयेत. दुसऱ्या रात्री दव गोठतं आणि सकाळी सगळं काळं. मदर्स डेपर्यंत, म्हणजे मेचा दुसरा रविवार, धीर धरायला सांगा, रात्री 10 सेल्सिअसच्या वर राहू लागल्या की मग. त्याआधी आठवडाभर रोपं रोज थोडा वेळ बाहेर सावलीत, मग हळूहळू उन्हात. लांबडा टोमॅटो फेकू नका, वरची पानं सोडून खोड खोलवर पुरा, त्या खोडालाच मुळं फुटतात. मिरचीवर हा प्रयोग नको. भेंडीला तर माती चांगली तापेपर्यंत हातच लावू नका, मेथी मात्र एप्रिलमध्येच पेरा, तिला गारवा आवडतो. आणि ग्राउंडहॉगसाठी (तिकडचा बिळात राहणारा, घुशीसारखा प्राणी) जाळी जमिनीखाली फूटभर पुरा, तो वरून पण चढतो आणि खालून पण येतो, मेथी आपल्याआधी तोच खाणार.

प्रश्न: मेमध्ये 10 दिवस गावी जायचंय, कुंड्यांचं काय?
– ठाणे

उत्तर: सगळ्या कुंड्या सावलीत एकमेकींना चिकटून ठेवा, मातीवर सुक्या पाल्याचा जाड थर, निघायच्या दिवशी भरपूर पाणी. तरी एवढे दिवस लहान कुंड्या टिकणार नाहीत, शेजाऱ्यांना किल्ली द्यावीच लागेल. फक्त शेजारी मायाळू असेल तर जास्त सांभाळा, उन्हाने मरतात त्यापेक्षा मायेने कुजतात त्या कुंड्या जास्त बघितल्यात मी. बोट पेरभर मातीत घालायचं, ओलं लागलं तर पाणी घालायचं नाही, असं कागदावर लिहून फ्रिजला लावा, आणि कोरफडीला काहीच नको हे वेगळं लिहा, ठळक.