अल्झायमरच्या सुरुवातीला जुन्या आठवणी टिकतात, मग सकाळचं बोलणं का विसरलं जातं?

नवी आठवण पक्की व्हायला हिप्पोकॅम्पस लागतो. मेंदूत कानांच्या पातळीला, आतल्या बाजूला, दोन्हीकडे एकेक असा हा छोटासा भाग. अल्झायमरमध्ये मेंदूच्या पेशींत साचणाऱ्या टाऊ नावाच्या प्रथिनाच्या गुंत्यांचा पहिला मोठा फटका त्याच्या लगतच्या एन्टोरायनल कॉर्टेक्स या भागाला आणि मग हिप्पोकॅम्पसला बसतो. हे लक्षणं दिसायच्या कित्येक वर्षं आधी सुरू झालेलं असतं. त्यामुळे सकाळचं बोलणं विसरलं असं म्हणण्यापेक्षा ते नीट साठवलंच गेलं नाही, हे जास्त बरोबर. म्हणूनच "जरा आठवून बघा ना" हा आग्रह बहुतेक वेळा फुकट जातो (आणि समोरचा माणूस खजील होतो, ते वेगळंच).

नव्या आठवणी आधी जातात आणि जुन्या उशिरा, हे फ्रेंच मानसशास्त्रज्ञ तेओद्यूल रिबो यांनी १८८१ मध्येच मांडलं होतं. पुन्हा पुन्हा उजळणी झालेल्या आठवणींचे धागे मेंदूच्या बाह्यपटलात दूरवर पसरलेले असतात, त्यामुळे त्या जास्त तग धरतात असं मानतात.

पण "जुनं सगळं लख्ख आठवतं" यावर फार विसंबू नका. लग्न कोणत्या गावी झालं, पहिली नोकरी कुठे होती, ही माहिती राहते. त्या दिवशी पाऊस होता का, कोण काय म्हणालं, आपल्याला कसं वाटलं, हा बारकावा मात्र सुरुवातीच्या टप्प्यातच विरायला लागतो. नीट ऐकलंत तर जाणवेल, तोच किस्सा दर वेळी जवळपास त्याच शब्दांत येतो.