रविवारी शब्दकोडं की गप्पाटप्पा? दोन्ही एकत्रच करा

तुम्ही विचारलंय की रविवारी निवांत शब्दकोडं सोडवत बसावं की लोकांत मिसळावं, दोन्हीला वेळ पुरत नाही. अहो पण दोन्ही वेगळं करायचंच कशाला?

आमच्याकडे डोंबिवलीत रविवारी सकाळी शेजारचे काका-काकू येतात, समोरच्या वहिनी येतात, पोह्यांच्या बश्या फिरतात आणि पेपरची पुरवणी टीपॉयवर पसरते. एकाने पेन्सिल धरायची आणि मोठ्याने वाचायचं, "आडवे सात, बैलाच्या नाकातली दोरी, तीन अक्षरी". मुलं गप्प, सगळी शहरात वाढलेली, आणि पोळ्या लाटता लाटता आतून आई ओरडते, "वेसण!" मग कोडं राहतं बाजूला आणि काका त्यांच्या गावचे बैल, बैलपोळ्याची मिरवणूक, शिंगांना लावायचा रंग असं सांगत बसतात, मुलंही ऐकतात. मला हेच सगळ्यात जास्त आवडतं. पुढे एखादा क्रिकेटर निघाला की मुलांची पाळी.

शिवाय मराठी कोड्यात एका चौकटीत अख्खं अक्षर बसतं, काना-मात्रा जोडाक्षरासकट. 'रस्ता'ला दोनच चौकटी, र आणि स्ता. आता त्या 'स्ता'मधून उभा शब्द जातोय, तीन अक्षरी, 'गाण्यातला गुरू', मग मधे स्ता असलेले शब्द असून असून किती असणार, उस्ताद आलाच की! म्हणजे एकाला एक शब्द सुचला की दुसऱ्याला लगेच धागा मिळतो, म्हणून हे चारचौघांत जास्त रंगतं.

आणि रविवारचं म्हणाल तर शब्दकोड्याचा जन्मच रविवारचा. आर्थर विन यांचं पहिलं कोडं 'न्यूयॉर्क वर्ल्ड'च्या रविवारच्या पुरवणीत आलं, २१ डिसेंबर १९१३ला, तेही चौकोनी नाही, हिऱ्याच्या आकाराचं.

तुम्ही करून बघा. फक्त प्रत्येकाला झेरॉक्स देऊ नका, मग सगळे माना खाली घालून बसतात आणि गप्पा बंद पडतात, कागद एकच ठेवा. पेन नको, पेन्सिल आणि खोडरबर, कारण ऱ्हस्व-दीर्घावरून खाडाखोड होतेच. मोबाइलवर उत्तरं शोधायची नाहीत एवढं आधीच ठरवून घ्या, आणि एखादा शब्द अडलाच तर गावाकडच्या मावशीला नाहीतर आत्याला फोन लावा, त्यांनाही बरं वाटतं आणि त्या निमित्ताने ख्यालीखुशालीही कळते.