मागच्या सीटवरचा पिक्चर आणि हँडब्रेकची वायर

प्रश्न : गाडीत नऊ इंची अँड्रॉइड स्क्रीन बसवली. उभ्या गाडीत व्हिडिओ मस्त चालतो पण हँडब्रेक सोडला की चित्र गायब, नुसता आवाज. धुळ्याहून सुरतला जाताना कोंडाईबारी घाट येईपर्यंत पोरांनी डोकं खाल्लं. फिटर म्हणतो एक वायर बॉडीला टेकवून देतो, काम होऊन जाईल. आणि गाडी दोन-तीन दिवस उभी राहिली की बॅटरी बसते ते वेगळंच. आते काय करानं?
– एक वाचक, अमळनेर

उत्तर : भाऊ, स्क्रीन चांगलीये, तिला मुद्दामच तसं बनवलंय. हँडब्रेक ओढला की त्याच्या खालचा स्विच अर्थिंगला जोडला जातो, त्यानेच मीटरमधला लाल दिवा लागतो, आणि त्याच वायरीवरून स्क्रीनला कळतं की गाडी उभी आहे. ब्रेक सोडला की अर्थिंग तुटलं, मग पुढचा व्हिडिओ बंद. फिटर ती वायर कायमची बॉडीला लावणार म्हणजे स्क्रीनशी खोटं बोलणार, की गाडी उभीच आहे म्हणून, आणि मग घाटात समोर ट्रक असताना तुमची नजर पिक्चरवर जाणार, पोरांची नाही. नका लावू.

पोरांना पिक्चर पाहिजे ना, मग मागे द्या. बहुतेक स्क्रीनच्या पाठीमागे व्हिडिओ आउट असतो, पिवळी आरसीए पिन चित्राची, लाल-पांढरी आवाजाची. त्यावरून हेडरेस्टच्या मागे लावायच्या स्क्रीनला केबल न्यायची, पुढचं चित्र बंद असलं तरी मागचं सहसा चालू राहतं, घेण्याआधी दुकानात ब्रेक सोडून दाखवायला सांगा. मागच्या स्क्रीनचं अर्थिंग मात्र पुढच्या युनिटच्याच जागी द्या. दोन ठिकाणी दिलं की अल्टरनेटरची, म्हणजे इंजिनावर फिरून बॅटरी चार्ज करणाऱ्या जनरेटरची, शिट्टी स्पीकरमध्ये येते आणि रेस वाढवली की तीपण चढत जाते, लोक उगाच स्पीकर बदलत बसतात!

आता बॅटरी. युनिटला पिवळी वायर कायम १२ व्होल्टची असते, घड्याळ आणि सेटिंग जपायला, आणि लाल वायर चावीवरची, म्हणजे चावी फिरवली की वीज येणारी. घाईत दोन्ही एकत्र पिळून टेप मारली की चावी काढली तरी युनिट जागंच राहतं. चावी काढल्यावर स्क्रीनचं पॉवर बटण दाबून बघा, चालू झाली तर हाच घोळ आहे, लाल वायर वेगळी करून घ्या.

प्रश्न : पेनड्राइव्हवरचा पिक्चर टीव्हीवर चालतो, गाडीत 'फाइल सपोर्ट नाही' येतं.
– एक वाचक, भुसावळ

उत्तर : फाइल एच.२६५ असेल, म्हणजे व्हिडिओ दाबून लहान करायच्या नव्या पद्धतीची, स्वस्त युनिटला ती पेलवत नाही. कॉम्प्युटरवर जुन्या एच.२६४ पद्धतीची एमपी४ करून घ्या. पेनड्राइव्ह फॅट३२ पद्धतीने फॉरमॅट केलेला असेल तर ४ जीबीच्या वरची फाइल त्यात बसतच नाही हेपण ध्यानात ठेवा. आणि मे महिन्यात पेनड्राइव्ह डॅशबोर्डवर उन्हात ठेवू नका, भुसावळचं ऊन तुम्हाला मी काय सांगणार.