शेवटच्या रेसला वसुली करू नका

पुण्याचा घोड्यांच्या रेसचा सीझन सुरू झाल्यापासून 62 हजार गेले, आता प्रत्येक हरलेल्या रेसनंतर पुढच्या रेसला दुप्पट लावून ते भरून काढता येतील का, असं तुम्ही विचारलंय. नाही येणार. मी 1991 पासून रेसला जातोय. दुप्पट लावणारे पंटर, म्हणजे पैसे लावणारे लोक, मी बरेच पाहिले, त्यातले काही माझे मित्र होते.

कागद घेऊन बसा. फेव्हरिट घोडा, म्हणजे ज्याच्यावर सगळ्यात जास्त पैसे लागलेले असतात तो, साधारण तीन रेसपैकी एक जिंकतो, जगभर थोड्याफार फरकाने असंच आहे. म्हणजे फेव्हरिटलाच लावत गेलात तरी 100 रेसमध्ये कधी ना कधी सलग आठ हरण्याची शक्यता 70 टक्क्यांच्या आसपास येते. 200 रुपयांपासून दुप्पट करत गेलात, तर आठव्या हारेपर्यंत 51,000 गेलेले असतात आणि नववी बेट 51,200 ची लागते. एवढं करून घोडा एकास एक भावाने (जेवढे लावले तेवढाच नफा) आला, तर हातात नफा 200 रुपये!

त्यात कर. रेसच्या बेटवर ऑक्टोबर 2023 पासून पूर्ण रकमेवर 28 टक्के जीएसटी होता, 22 सप्टेंबर 2025 पासून तो 40 टक्के आहे. समजा दोनास एक भावाच्या (लावलेल्याच्या दुप्पट नफा देणाऱ्या) घोड्यावर 100 लावले आणि कराचे 40 वर गेले. जिंकलात तर परत 300. कर नसता, तर असे घोडे शंभरात 34 वेळा आले तरी चाललं असतं; आता 47 वेळा यायला हवेत. टोटवर, म्हणजे सगळ्यांचे पैसे एकत्र करून जिंकणाऱ्यांत वाटले जातात तिथे, कर वेगळा दिसत नाही म्हणून तो नाही असं समजू नका, डिव्हिडंड (जिंकणाऱ्याच्या वाट्याची रक्कम) त्यामुळेच लहान होतो. वर जिंकलेल्या रकमेवर 30 टक्के आयकर आणि सेस, आणि हरलेले पैसे त्यातून वजा करता येत नाहीत. म्हणून रेसकडे कमाईचं साधन म्हणून बघणं आधी सोडा. 1996 साली सुप्रीम कोर्टाने रेस हा कौशल्याचा खेळ ठरवला, ते बरोबरच आहे. पण कौशल्याने तुमचं नुकसान कमी होतं, करातून सुटका होत नाही.

मी स्वतः काय करतो ते सांगतो. महिन्याची रक्कम ठरलेली असते आणि ती घरी बायकोला माहीत असते. त्या रकमेच्या विसाव्या हिश्शाहून जास्त एका रेसला लावत नाही. खिशात तेवढीच रोकड नेतो, कार्ड घरी. दिवसाच्या सात-आठ रेसपैकी एक किंवा दोनच खेळतो, बाकी नुसत्या पाहतो. आयुष्यात पहिल्यांदाच पळणाऱ्या घोड्यांच्या रेसला हात लावत नाही, कारण त्यांच्या जुन्या रेसची नोंद वाचायला नसते. पुण्यात जुलै-ऑगस्टमध्ये आधी ट्रॅकचं पेनेट्रोमीटर रीडिंग, म्हणजे जमीन किती मऊ आहे त्याचं माप, बघतो. मुंबईत महालक्ष्मीच्या कोरड्या ट्रॅकवर धावलेला घोडा चिखलात तसाच धावेल, हे गृहीत धरू नका. मग पॅडॉक, म्हणजे रेसआधी घोडे फिरवतात ती जागा. घोडा चालताना मोकळा आहे का, पॅडॉकमध्येच घामाने भिजलाय का, हे पाहायला शिकायला मला तीन सीझन लागले. टीप कोणाचीही घेत नाही, तबेल्यातली म्हणून सांगितली तरी नाही.

जॅकपॉटचं तिकीट (पाच रेसचे विजेते ओळखायचे) मित्रांबरोबर गंमत म्हणून काढा, पण पाच रेसना प्रत्येकी तीन घोडे घेतले की 243 कॉम्बिनेशन होतात आणि प्रत्येकाचे पैसे लागतात, हे लक्षात असू द्या.

आणि वही. रेस, घोडा, भाव, लावलेली रक्कम, का लावली. ‘का’ हा रकाना सगळ्यात महत्त्वाचा. माझी पहिली दोन वर्षांची वही वाचली तेव्हा दिसलं की माझं निम्म्याहून जास्त नुकसान दिवसाच्या शेवटच्या दोन रेसमध्ये झालेलं होतं, आणि तिथे ‘का’पुढे एकच शब्द होता: कव्हर, म्हणजे आधीचं नुकसान भरून काढणं. घोड्याबद्दल एक अक्षर नाही. तेव्हापासून दुपारी हरलो की शेवटच्या रेसआधी गेटबाहेर पडतो. पहिले काही महिने खूप जड गेलं, रिक्षात बसूनही मन मागेच असायचं.

फोनवर उधारीने बेट घेणाऱ्या बेकायदा बुकीपासून मात्र पूर्ण दूर राहा. तिथे पावती नाही आणि तुमच्या खिशाची मर्यादाही नाही. खिसा रिकामा झाला की रेसकोर्सवर माणूस निदान थांबतो. माझा एक जवळचा मित्र अशा उधारीत राहतं घर विकून बसला.

ते 62 हजार गेले असं धरा. हा सीझन संपेपर्यंत जाऊच नका आणि आकडा आज रात्रीच घरी सांगा. सांगायचा धीर होत नसेल, किंवा शनिवारी दुपारी पाय आपोआप तिकडे वळत असतील, तर 14416 वर टेलि-मानसला फोन करा. सरकारी सेवा आहे, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं. माझ्याशी बोलावंसं वाटलं तरी निःसंकोच लिहा, मी उत्तर देईन.