आधी करडा, मग रंग

प्रश्न : ताई, इचलकरंजीत माझं लग्नपत्रिका आणि फ्लेक्सच्या डिझाइनचं दुकान आहे. नवा मॉनिटर घ्यायचाय. विक्रेत्याने २४ इंची दोन मॉनिटर शेजारी लावून दाखवले. एकावर रंग एकदम उठून दिसतात, दुसरा त्यापुढे फिका वाटतो. पहिल्याच्या खोक्यावर कॉन्ट्रास्ट ‘१ कोटीला १’ छापलाय. मला तोच आवडला, पण मित्र नको म्हणतात. चित्राचा दर्जा ओळखायचा कसा?

उत्तर : तपासून होईपर्यंत मित्रांचं ऐका. शोरूममध्ये मॉनिटर बहुधा पूर्ण ब्राइटनेसवर आणि भडक मोडवर ठेवलेला असतो. तिथल्या लख्ख दिव्यांखाली तोच नजर खेचतो. दोन्ही मॉनिटर मेनूतून रिसेट करायला सांगा, ‘एसआरजीबी’ (रंगांच्या ठरलेल्या मानकाचा) मोड असला तर तो लावा आणि दोघांचा ब्राइटनेस डोळ्यांना सारखा वाटेल इतका उतरवा. पुष्कळसा फरक तिथेच मिटतो. शिवाय मॉनिटर अर्धा तास चालू असू द्या. नुकता लावलेला पडदा स्थिरावलेला नसतो.

तो कोटीचा आकडा सोडून द्या. काळा दाखवताना मागचा दिवा मंद करायचा किंवा विझवायचा, पांढऱ्याला पूर्ण पेटवायचा आणि दोन्हींच्या उजेडाचं गुणोत्तर कॉन्ट्रास्ट म्हणून छापायचं, असा तो हिशेब. तुमच्या पत्रिकेत काळी अक्षरं आणि पांढरा कागद एकाच वेळी पडद्यावर असतात. पडद्याच्या पॅनलचे आयपीएस आणि व्हीए असे दोन प्रकार तुम्हाला दिसतील. तेव्हा मिळणारा खरा कॉन्ट्रास्ट आयपीएस पॅनलचा साधारण १००० ला १ असतो, व्हीए पॅनलचा ३००० ला १ च्या आसपास.

आता माझा आग्रह. रंग शेवटी बघा, आधी करडा बघा. काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत सलग जाणारी एक पट्टी घरीच तयार करा आणि पेनड्राइव्हवर घेऊन जा. लाल थोडा इकडेतिकडे झाला तर डोळा सांभाळून घेतो, पण करड्यावर गुलाबी किंवा हिरवट झाक आली की लगेच खुपते, कारण करड्यात लाल, हिरवा, निळा समसमान असावे लागतात. झाक सगळ्या पट्टीवर सारखी असेल तर मेनूतून काढता येते. गडद भागात गुलाबी आणि उजळ भागात हिरवट अशी बदलत गेली, तर तो मॉनिटर तिथेच ठेवा. पट्टी सलग न दिसता पायऱ्यापायऱ्यांची दिसली तरी सावध व्हा. खोक्यावर १ कोटी ६७ लाख रंग लिहिलेले असले तरी पॅनल मुळात ६ बिटचं असू शकतं. त्यात प्रत्येक मूळ रंगाच्या ६४ छटा असतात, मधल्या छटा भराभर आलटूनपालटून भासवलेल्या. गणपतीच्या मागे क्रीमवरून केशरीकडे जाणारी पार्श्वभूमी तुम्ही रोज करता. तिच्यावर या पायऱ्या उमटतात आणि चूक फाइलमध्ये आहे की पडद्यात, तेच कळेनासं होतं.

मग एक फोटो उघडा, ज्याची चांगली छापील प्रत तुमच्या हातात आहे. नवरीच्या अंबाड्यावर मोगऱ्याचा गजरा असलेला मिळाला तर फारच छान. गजऱ्याची एकेक कळी सुटी दिसायला हवी आणि त्याच वेळी केसांची वळणंही. भडक मोडवर कळ्यांचा पांढरा गोळा होतो आणि केसांचा काळा डाग. असा पडदा तुमच्याकडून फोटो विनाकारण उजळ करून घेतो, मग छापून आल्यावर गिऱ्हाईक विचारतं, ‘चेहरा असा का आला?’

फोटो उघडा असतानाच खुर्ची दोन हात बाजूला सरकवा. गिऱ्हाईक तुमच्या शेजारीच बसून पत्रिका पास करतं ना? व्हीए पॅनलचा काळा सुरेख असतो, पण बाजूने बघितलं की गडद छटा फिकट होतात. तुमच्या कामाला मी आयपीएसच घ्यायला सांगेन. अंधाऱ्या खोलीत त्याचे कोपरे जरा उजळलेले दिसतात, पण दुकानाच्या उजेडात ते जाणवत नाही. १ मिलिसेकंदात चित्र बदलण्याची जाहिरात खेळ खेळणाऱ्यांसाठी आहे, तिचे पैसे देऊ नका.

घरी आणल्यावर काळा राखाडी आणि सगळंच धुवट दिसलं तर लगेच परत करायला धावू नका. एचडीएमआय केबलने जोडलेल्या मॉनिटरला कधी कधी संगणकाचं ग्राफिक कार्ड टीव्ही समजतं आणि काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतच्या छटांचा ० ते २५५ ऐवजी १६ ते २३५ एवढाच पट्टा पाठवतं. कार्डाच्या सेटिंगमध्ये ‘फुल’ निवडा.

प्रश्न : मी नागपुरात घरून मुद्रितशोधन करते. डोळ्यांना बरं म्हणून २७ इंची फुल एचडी घेऊ का?

उत्तर : नको. ठिपके लहान फुल एचडी मॉनिटरइतकेच, १९२० बाय १०८०, फक्त मोठ्या पडद्यावर ताणलेले. एकेक ठिपका ०.३१ मिलिमीटरचा होतो. २७ इंचच हवा असेल तर २५६० बाय १४४० चा घ्या, त्यात ठिपका ०.२३ मिलिमीटरचा असतो. दुकानात ‘वाङ्मय’, ‘दृष्ट्या’ आणि ‘वर्षांत’ हे शब्द लहान टायपात उघडा. ङ चा टिंब अक्षरापासून सुटा दिसतो का, रफार आणि अनुस्वार वेगवेगळे दिसतात का, हे तुमच्या नेहमीच्या अंतरावरून बघा. अक्षरांभोवती पांढरी कड दिसली तर मेनूतला शार्पनेस कमी करून पुन्हा बघा.